भाववृत्ती, प्रतीक आणि रिकामी भिंत

सतराव्या शतकातील डच गृहचित्रांच्या अभ्यासात दोन भूमिका दीर्घकाळ परस्परांसमोर उभ्या आहेत. एडी दे योंग यांनी चित्र व वचन यांची सांगड घालणाऱ्या तत्कालीन बोधचित्रग्रंथांच्या आधारे घरगुती वस्तूंमागील नैतिक संकेत उलगडले. तर स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ च्या ग्रंथात ही कला मूलतः वर्णनाची असल्याचे प्रतिपादले. एका भूमिकेत प्रतीकाला, तर दुसरीत दृश्यानुभवाला प्राधान्य मिळते. योहानेस व्हर्मीरच्या एका चित्राचा इतिहास या दोन्ही भूमिकांची कसोटी पाहतो.

सुमारे १६५७-५९ मधील या चित्रात उघड्या खिडकीपाशी एक तरुणी पत्र वाचते आहे. पुढे कललेल्या पात्रातील फळे, उजवीकडे हिरवा पडदा आणि मागे उजळ, रिकामी भिंत. १७४२ मध्ये रेम्ब्राँची कृती म्हणून हे चित्र सॅक्सनीच्या संग्रहात आले. पुढे व्हर्मीरची कीर्ती वाढली, तेव्हा त्या भिंतीतच त्याच्या निःशब्द, अंतर्मुख भाववृत्तीचे रहस्य शोधले गेले.

१९७९ मध्ये क्ष-किरण तपासणीत भिंतीआड मदनाचे चित्र आढळले. कलावंतानेच ते झाकले असावे, असे मानले गेले. सांकेतिक प्रतीक त्यागून सूचकतेकडे झालेला प्रवास, असा त्याचा अन्वय लावणे सोपे होते. मात्र २०१७ मध्ये सुरू झालेल्या जीर्णोद्धारात मूळ चित्र व वरचा रंगलेप यांच्यामध्ये मळाचा थर सापडला. लेप व्हर्मीरच्या मृत्यूनंतर परक्या हाताने चढवलेला होता. तो काढून २०२१ मध्ये ड्रेस्डेन येथे चित्र पुन्हा प्रदर्शित झाले. आता भिंतीवर धनुर्धारी मदन मुखवटे पायदळी तुडवताना दिसतो. कपटावर निष्कपट प्रेमाचा जय, असा त्याचा संकेत.

म्हणजे ज्या रिक्ततेला कलावंताचा संयम मानले गेले, ती निदान अंशतः उत्तरकालीन अभिरुचीची निर्मिती होती. कृतीतील अभावाला कर्त्याचा हेतू समजण्यातील धोका यातून स्पष्ट होतो. पण म्हणून प्रतीकवाद्यांचा पक्ष निर्विवाद सिद्ध झाला, असेही नाही. मदन पत्राचा विषय सुचवतो, मजकूर नव्हे. पत्र मीलनाचे की वियोगाचे, हे तरुणीच्या झुकलेल्या दृष्टीवरून किंवा खिडकीच्या काचेतील तिच्या पुसट प्रतिबिंबावरून ठरत नाही. मुखवटे तुडवणारा देव निष्ठेची ग्वाही देतो. वाचणारीला ती लाभली आहे की नाही, हे चित्र सांगत नाही. प्रतीक येथे भाववृत्तीला बाधा आणत नाही; अनिश्चिततेला नेमका विषय देऊन ते तिला अधिक तीव्र करते.