गणित अध्यापक शिक्षण (माध्यमिक)

माध्यमिक शाळेत गणित शिकविण्याची पात्रता देणारे विद्यापीठीय व्यावसायिक शिक्षण. भारतात ते मुख्यत्वे बी.एड. पदवीद्वारे दिले जाते (पहा : अध्यापक शिक्षण). अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांत १९६०च्या दशकात विषयज्ञान आणि अध्यापन यांची सांगड घालणारा चार वर्षांचा एकात्म अभ्यासक्रम सुरू झाला. मात्र गणिताची पदवी आधी व बी.एड. नंतर हाच मार्ग अधिक रूढ राहिला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या विनियमांनी एक वर्षाची बी.एड. दोन वर्षांची केली व शालेय अनुभवाचा कालावधी वाढविला.

महाराष्ट्रात विद्यार्थी-शिक्षक प्रथम सूक्ष्मपाठ घेतो, म्हणजे एकच अध्यापन कौशल्य काही मिनिटांत सहाध्यायांसमोर सादर करतो (पहा : सूक्ष्म अध्यापन). त्यानंतर प्रत्यक्ष वर्गातील सराव पाठ येतात, ज्यांसाठी उद्दिष्टे, प्रश्न आणि फलकलेखन यांची पूर्वयोजना असलेले पाठटाचण तपासून घ्यावे लागते. उदाहरणार्थ, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज शिकविताना कागदी त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडून एका रेषेवर जुळविले जातात, ही उद्गामी (उदाहरणांवरून नियमाकडे जाणारी) पद्धती होय. समांतर रेषेच्या आधारे दिलेली सिद्धता पडताळणीपलीकडे जाऊन सर्व त्रिकोणांना लागू पडते व ती अवगामी (नियमावरून निष्कर्षाकडे जाणारी) ठरते. नवख्याच्या पाठात बहुधा सिद्धतेची ही दुसरी पायरीच घाईत उरकली जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३०पर्यंत चार वर्षांची एकात्म पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता व्हावयाची आहे (पहा : शैक्षणिक धोरण).