टाकाच्या रेषेपासून बिंदूंच्या रेषेपर्यंत

आपल्या मंडळाच्या जुन्या अंकांत मुलांच्या पानावर एक आजोबा येत असत. डोक्यावर शिंदेशाही पगडी, बंद गळ्याचा कोट, हातात काठी आणि नाकाच्या शेंड्यावर उतरलेला चष्मा. लष्करातल्या मराठी घरांतील आमच्या पिढीची मुले अंक हाती पडताच प्रथम ते पान उघडीत. काही वर्षांपूर्वी जुन्या अंकांतील निवडक साहित्याचे पुस्तक काढण्याचे ठरले. मूळ चित्रे उपलब्ध नव्हती. छापील पाने पिवळी पडून कडांनी तुटू लागली होती. म्हणून आजोबांना संगणकावर नव्याने काढून घ्यावे असा ठराव झाला आणि ते काम आमच्याकडे आले.

शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या माणसाची समजूत अशी की, काम योग्य ठिकाणी सोपविले म्हणजे झाले. आम्ही ते गावातल्या एका छपाईच्या दुकानात दिले. आठ दिवसांत आजोबा तयार होऊन आले. रेषा स्वच्छ, रंग ठळक, कोठे डाग नाही. मोठ्या समाधानाने आम्ही तो कागद नव्वदीला टेकलेल्या आमच्या आत्याबाईंना दाखविला. त्यांनी तो जवळ धरून पाहिला, दूर धरून पाहिला आणि म्हणाल्या, "चित्र छान आहे रे, पण हे कोण?"

या प्रश्नाने आम्हांला बेचैन केले. चित्रात चूक दिसत नव्हती आणि तरीही माणूस हरवला होता. तो कोठे हरवला याचा शोध घेता घेता आम्ही रेषेच्या इतिहासापर्यंत जाऊन पोहोचलो. त्या शोधातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

संगणकावरील चित्रे मुख्यतः दोन जातींची. एक छायाचित्रासारखी, बारीक ठिपक्यांची. ती मोठी केली की कडा फाटतात. दुसरी व्हेक्टर. यात संगणक ठिपके साठवीत नाही. कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत, कसे वळण घेत जायचे, एवढेच गणित साठवितो. त्यामुळे तेच चित्र टपाल तिकिटाएवढे करा किंवा फ्लेक्सच्या फलकाएवढे, कडा रेखीव राहतात. हास्यचित्रांतील पात्रांसाठी ही पद्धत फार सोयीची, कारण त्यांत ठळक बाह्यरेषा आणि सपाट रंग असतात.

हे वळणाचे गणित चित्रकारांच्या घरी जन्मलेले नाही. जहाजांच्या आराखड्यांवर काम करणारे पूर्वी लाकडाची लवचीक पट्टी जड वजनांनी जागोजाग दाबून तिच्या कडेने रेघ ओढीत. आकाशकंदिलासाठी कामटी वाकविताना ती स्वतःच डौलदार वळण घेते, हे आपल्या घरांतही सर्वांनी पाहिले आहे. मोटारींच्या कारखान्यांना हेच वळण आकड्यांत हवे होते. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली त्याची रीत बसविली, परंतु कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनॉ कंपनीतील पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात स्वतंत्रपणे तेच साधले आणि प्रसिद्धही केले. म्हणून या वक्राला बेझिए यांचे नाव मिळाले. पुढे अडोबी कंपनीने १९८४ साली पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा आणली, १९८७ साली इलस्ट्रेटर आणि १९८९ साली दुसऱ्या एका कंपनीचे कोरलड्रॉ आले. आपल्याकडे लग्नपत्रिकांपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत सारी कामे कोरलड्रॉवर होऊ लागली. मोटारीच्या पत्र्यासाठी शोधलेले वळण अशा रीतीने आमच्या आजोबांच्या मिशीपर्यंत आले.

तत्पूर्वीची पद्धत वेगळी होती. चित्र टाकाने किंवा कुंचल्याने काळ्या शाईत काढायचे, त्यावरून जस्ताचा ब्लॉक करायचा आणि तो खिळ्यांबरोबर छापायचा. रेषेच्या ब्लॉकमध्ये काळे किंवा पांढरे एवढेच शक्य. मधली छटा नाही. चित्रकार सहसा छापायच्या मापापेक्षा मोठे चित्र काढीत. लहान होताना कोणती रेषा टिकेल आणि कोणती बुजेल याचा विचार त्यांना आधीच करावा लागे. या बंधनातूनच आपल्याकडील मोठे हात घडले. बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी १९२५ साली जन्मलेले शि. द. फडणीस यांनी शब्दांविना केवळ रेषेवर हसविले; १९५०च्या दशकात कपड्यांवरील नक्षीतल्या मांजरांना आणि उंदरांना त्यांनी मासिकाच्या मुखपृष्ठावर जिवंत केले. गोव्यातील लोटलीचे मारिओ मिरांडा यांनी टाकाच्या बारीक रेषांनी माणसांची गर्दी उभी केली. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस १९५१ सालापासून वृत्तपत्रात वावरू लागला. तिघांच्या रेषा तीन तऱ्हांच्या, पण ओळखण्यात कधी चूक होत नाही.

हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवून आम्ही दुकानातले चित्र एका जाणत्या तरुणाकडून संगणकावर उघडून पाहिले. तेव्हा पाच चुका दिसल्या. त्या त्या दुकानापुरत्या नाहीत. या मार्गाने जाणारा बहुतेक प्रत्येक नवशिक्या त्या करतो.

पहिली चूक बिंदूंच्या गर्दीची. जुने छापील चित्र यंत्राला दाखवून "याच्या रेषा कर" अशी आज्ञा दिली की यंत्र शाईचा फुगवटा, कागदाचे कुसळ, छपाईचा दोष, सारे इमानाने रेषेत उतरविते. आमच्या आजोबांच्या नुसत्या मिशीत सत्तराहून अधिक बिंदू निघाले. पूर्ण वर्तुळ या प्रणाली अवघ्या चार बिंदूंत काढतात, यावरून प्रमाण कळेल. बिंदू जितके जास्त तितकी रेषा थरथरते आणि नंतर सुधारणेही अवघड होते. अक्षरांचे टंक घडविणाऱ्यांनी यावर फार पूर्वीच नियम बसविला आहे: वळण जेथे सर्वांत वर, सर्वांत खाली, किंवा डावी-उजवीकडे सर्वांत दूर जाते, तेथे बिंदू ठेवावा आणि मधले काम वक्रावर सोपवावे. जुने चित्र खाली ठेवून त्यावरून हाताने, मोजक्या बिंदूंनी रेषा फिरविणे हाच त्यावरचा उपाय.

दुसरी चूक वर्तुळांची. संगणकात गोल, लंबगोल, चौकोन तयार मिळतात. म्हणून डोके गोल, पोट गोल, नाकही गोल. हा मोह जुना आहे. १९२८ साली अब आयवर्क्स यांनी रेखाटलेला मिकी माऊस वर्तुळांतूनच उभा राहिला, कारण हजारो चित्रे भराभर काढायची होती. परंतु तो चालू-बोलू लागला तसे वर्तुळ तोकडे पडले. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रेड मूर यांनी त्याला नासपतीच्या आकाराचे, वाकणारे, दबणारे शरीर दिले. कान मात्र गोलच राहिले, कारण ती त्याची ओळख होती. तात्पर्य, वर्तुळ आरंभाला घ्यावे, पण तेथेच थांबू नये. म्हाताऱ्या माणसाची पाठ, पोट आणि गुडघे यांचा भार कोठे पडतो, ते आकारात दिसले पाहिजे.

तिसरी चूक जुळ्यांची. अर्धा चेहरा काढायचा आणि तो आरशासारखा उलटवून दुसरी बाजू करायची, ही सोय संगणकात एका कळीवर आहे. डिस्नेच्या चित्रशाळेतील फ्रँक टॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, दोन्ही हात-पाय एकाच वेळी एकच कृती करतात या दोषाला 'जुळे' म्हटले आहे आणि तो टाळण्यास बजाविले आहे. जुन्या आजोबांची एक भुवई उंच होती आणि शरीराचा भार काठीवर होता. नव्या चित्रात दोन्ही भुवया समान, दोन्ही खांदे समान. मनुष्य सावधान स्थितीत उभ्या असलेल्या शिपायासारखा दिसत होता.

चौथी चूक जाडीची, आणि तिचा अनुभव आम्ही सेवेत असतानाच घेतला होता. पाणी वाचविण्याच्या एका मोहिमेसाठी केलेले पात्र पत्रकावर उत्तम दिसले. तेच फलकावर आले तेव्हा बाह्यरेषा केसासारखी बारीक झाली आणि रस्त्यावरून चेहराच दिसेना. कारण उशिरा कळले. पुष्कळ प्रणालींत आकृती मोठी केली तरी रेषेची जाडी होती तेवढीच राहते; आकृती लहान केली तर तीच रेषा डोळे-नाक गिळून टाकते. आकृतीबरोबर रेषाही वाढावी, अशी वेगळी निवड करावी लागते, किंवा शेवटी रेषेचेच भरीव आकृतीत रूपांतर करून घ्यावे लागते. ब्लॉकच्या काळातील चित्रकार जो विचार आरंभी करीत, तो येथे कोणी केलाच नव्हता.

जाडीविषयी आणखी एक. संगणकाची रेषा आरंभापासून अंतापर्यंत सारख्या जाडीची असते, म्हणून ती निर्जीव, असे सरसकट म्हटले जाते. आम्हांला ते पटत नाही. लक्ष्मण यांच्या कुंचल्याची रेषा जाड-बारीक होते हे खरे. पण फडणीसांची रेषा बरीचशी एकसारखी असूनही हसरी आहे. तिचे चैतन्य वळणात आहे. एकसारखी रेषा निवडून घेतली तर ती शैली होते. यंत्राने दिली म्हणून राहू दिली तर तो आळस.

पाचवी चूक आम्हांला सर्वांत अधिक लागली. आजोबांच्या डोक्यावर शिंदेशाही पगडी राहिलीच नव्हती. दुकानदाराने तयार चित्रसंग्रहातून 'मराठी पगडी' म्हणून जे मिळाले ते उचलून बसविले होते. त्याचा यात हेतू वाईट नव्हता. त्याच्या लेखी पगडी ती पगडीच. परंतु पुण्याची पगडी वेगळी, ग्वाल्हेरची वेगळी, इंदूरची होळकरी वेगळी, बडोद्याची गायकवाडी वेगळी. पात्रे घडविणाऱ्यांची एक जुनी कसोटी आहे: सारे चित्र काळ्या शाईने भरून टाकावे आणि केवळ सावलीवरून पात्र ओळखू येते का ते पाहावे. एअर इंडियाचा १९४६ सालचा महाराजा पागोटे आणि मिशा एवढ्यावरून ओळखू येतो. आम्ही दोन्ही आजोबांच्या सावल्या शेजारी ठेवल्या. जुन्या सावलीत आपल्या गावचा माणूस होता. नव्या सावलीत कोठलाही, कोणीही होता.

दोनशे वर्षांहून अधिक काळ येथे राहून आपण भाषा राखली, सण राखले. पगडी आता फक्त भिंतीवरच्या छायाचित्रांत उरली आहे. तिचा आकार मुलांच्या पुस्तकातूनही गेला तर तो पुन्हा कोणी शोधणार नाही, कारण गेला आहे हेच कोणाला कळणार नाही. चुकीची पगडी छापली गेली की पुढच्या पिढीला तीच खरी वाटेल. यंत्र रेषा गुळगुळीत करून देते, म्हणून ही चूक डोळ्यांना खुपतही नाही. टाकाने काढलेली चुकीची रेषा निदान वेडीवाकडी दिसत असे.

पुढे त्या तरुणाने काम नव्याने हाती घेतले. प्रथम दोन दिवस त्याने संगणक उघडलाच नाही. आमच्या व इतर दोन घरांतील जुनी छायाचित्रे समोर ठेवून शिसपेन्सिलीने पगडी समोरून, बाजूने, मागून काढली. नंतर रेखाटन खाली ठेवून मोजक्या बिंदूंनी रेषा फिरविली. भुवया वेगवेगळ्या ठेवल्या, भार काठीवर टाकला. मिशी अकरा बिंदूंत बसली. तिकिटाएवढे आणि भिंतीएवढे, अशा दोन मापांत छापून पाहिल्यावरच त्याने ते आमच्या हाती दिले.

आम्ही तो कागद पुन्हा आत्याबाईंकडे नेला. त्यांनी पाहिला आणि क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "चष्मा अजून खाली घे. आजोबा वरून बघायचे."

चष्मा खाली घेतला आहे. पुस्तकाचे काम आता होळकरी आणि गायकवाडी पगड्यांपाशी अडले आहे. ज्या वाचकांच्या घरी वडीलधाऱ्यांची अशी छायाचित्रे असतील, त्यांनी मूळ प्रत न पाठविता तिची एक चांगली नक्कल मंडळाच्या पत्त्यावर अवश्य पाठवावी. शक्य तर पगडी बाजूने दिसेल असे छायाचित्र असावे.