मेंदू वाचवणारं औषध

जून २०२२मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा सलग डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत तयार झाला आणि गिनीज बुकात गेला. माना आमच्या मूर्तिजापूर तालुक्यातलं. रस्ता गुळगुळीत झाला. डोक्याला जबर मार लागलेल्याला मात्र आजही अकोल्याला नाहीतर अमरावतीला न्यावं लागतं. तोवर मेंदू जपेल असं औषध आहे का?

या प्रश्नाच्या इतिहासात विश्वास जास्त, पुरावा कमी. मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज स्टेरॉईडनं उतरते, हे १९६१मध्ये दिसलं. सूज अपघातातही येते, म्हणून तिथेही स्टेरॉईड सुरू झालं. तर्क सरळ होता. पुढे १९९९मध्ये 'क्रॅश' ही चाचणी सुरू झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निम्म्यांना स्टेरॉईड, निम्म्यांना औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं सलाईन. लक्ष्य २०,००० रुग्णांचं होतं; २००४मध्ये १०,००८वरच ती थांबवावी लागली. दोन आठवड्यांत स्टेरॉईड घेतलेले २१.१ टक्के दगावले, न घेतलेले १७.९ टक्के. शंभरामागे तीन जीव जास्त. एकेका खाटेशी उभं राहून हा फरक कुणाला दिसणार?

माझा मामा गाडीवरून पडला, वाचला, पण नावं विसरू लागला. चिठ्ठीवर 'मेंदूच्या ताकदीचं' सिटिकोलिन होतं. कापसाच्या चुकाऱ्यातून तीन महिने गोळ्या आल्या. अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या १,२१३ जणांना हेच औषध किंवा खोटी गोळी ९० दिवस देऊन पाहिली होती. २०१२मध्ये निकाल आला: स्मरण आणि रोजचे व्यवहार, दोन्हींत फरक शून्य. आमच्या धंद्यात 'माझ्या मशीनवर चालतंय' हा पुरावा धरत नाहीत. औषधाच्या बाबतीत 'शेजाऱ्याला गुण आला' एवढं पुरतं.

थोडी आशा दिसली ती वेगळ्याच औषधात. ट्रानेक्झामिक आम्ल मेंदूला ताकद देत नाही, फक्त रक्तस्राव आवरतं. जपानच्या ओकामोतो दांपत्यानं ते १९६२मध्ये जगापुढे आणलं. २०१९च्या 'क्रॅश-३'मध्ये १२,७३७ रुग्ण होते. एकूण निकाल निर्णायक नव्हता. पण दुखापत सौम्य किंवा मध्यम असेल आणि इंजेक्शन तीन तासांच्या आत मिळालं, तर डोक्याच्या दुखापतीनं होणारे मृत्यू कमी दिसले.

म्हणून मामाच्या गोळ्यांपेक्षा मला आता एकच चौकशी महत्त्वाची वाटते: रुग्णाला अकोल्याला पाठवण्याआधी ते इंजेक्शन इथेच, मूर्तिजापुरात, दिलं जातं का?