फाइल यूआरएल

फाइल यूआरएल हा संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवरील फाइल किंवा फोल्डर दर्शविणारा पत्ता होय. आरंभी रोमन लिपीतील ‘फाइल’ हा शब्द, मग अपूर्णविराम व तीन तिरप्या रेषा येतात. दोन रेषांनंतर संगणकाचे नाव अपेक्षित असते. ते रिकामे ठेवल्याने तिसरी रेषा लगेच येते व तेथून मार्ग सुरू होतो. सध्याचे मानक आरएफसी ८०८९ (२०१७) होय.

देवनागरी नावे यूआरएलमध्ये सांकेतिक रूपात जातात. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन षोडशमान अंकांनी लिहिला जातो. त्यामुळे ‘लातूर’ या फोल्डरचे नाव ४५, तर ‘नांदेड’चे ५४ चिन्हांचे होते, डोळ्यांना ठिपका भासणारा अनुस्वारही तेथे नऊ जागा घेतो. हे रूप न उलगडता मार्ग म्हणून वापरल्यास समोर असलेले फोल्डरही प्रोग्रॅमला सापडत नाही. जावामध्ये यूआरआयवरून थेट फाइल ऑब्जेक्ट बनविल्यास ही उकल आपोआप होते.