महसीरची गळमासेमारी

महसीरची गळमासेमारी म्हणजे टॉर या प्रजातीतील मोठ्या खवल्यांचे, गोड्या पाण्यातले मासे दांडी, दोर आणि गळ वापरून हौसेखातर पकडणे होय. भारतात हा छंद ब्रिटिश काळात रूढ झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुर्गम नदीकाठी, वाटाड्यांच्या सोबतीने करावयाच्या पर्यटनाचे रूप त्याला आले. पकडलेला मासा वजन करून पुन्हा नदीत सोडणे हा या पर्यटनाचा मुख्य नियम. कर्नाटकातील कावेरी नदी हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध क्षेत्र असले, तरी त्याच्या इतिहासातील दोन महत्त्वाचे दुवे महाराष्ट्रातील आहेत. डेक्कन महसीर या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन पुण्याच्या मुळा-मुठेवरून झाले, आणि तिचे कृत्रिम प्रजनन लोणावळ्यात साधले.

मासा

महसीर हा रोहू-कटल्याच्या कुळातला मासा आहे. त्याच्या तोंडापाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. जबड्यात दात नसतात, पण घशातल्या दातांनी तो खेकडे व शिंपले भरडून खातो. फळे, शेवाळ, किडे, लहान मासे असे जवळजवळ काहीही त्याला चालते. पावसाळ्यात तो अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतो. त्यामुळे नदीवर बांधलेला प्रत्येक आडवा बांध त्याची वाट अडवतो. गळाला लागताच तो खडकाळ, वेगवान पाण्यात जी मुसंडी मारतो, तिच्यामुळेच शौकिनांनी त्याला गोड्या पाण्यातील सर्वांत झुंजार माशांमध्ये गणले.

मुंबई इलाख्यात सांख्यिकीची कामगिरी केलेले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील माशांवर लिहिलेल्या निबंधात इ.स. १८३९ मध्ये या जातीचे वर्णन केले. नमुना पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला होता. नामकरण करताना साइक्स यांनी मराठी कोळ्यांच्या तोंडचे नाव तसेच उचलले, म्हणून तिचे शास्त्रीय नाव आजही टॉर खुद्री असे आहे.

महसीरशी मराठी प्रदेशाचे जुने नाते गळाचे नसून अभयाचे आहे. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या डोहात, तसेच रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील वाळण कोंड येथे काळ नदीत देवाचे मासे म्हणून महसीर राखले जातात. तेथे भाविक त्यांना खाऊ घालतात, पकडत कोणी नाही.

इतिहास

या छंदाचा पाया घालणारा ग्रंथ म्हणजे हेन्री सलिव्हन थॉमस यांचा ‘द रॉड इन इंडिया’ (१८७३). दक्षिण कानडा जिल्ह्याचे जिल्हाधिकारी असलेल्या थॉमस यांनी माशांच्या पिलांची विष घालून व बारीक सापळे लावून होणारी कत्तल सरकारच्या नजरेस आणली होती. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष टाकून मासे मारण्यास मनाई करणारा भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम १८९७ मध्ये आला. तो प्रामुख्याने कागदावरच राहिला, हे नदीकाठच्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ मध्ये ए. सेंट जे. मॅक्डोनल्ड यांचे ‘सर्कमव्हेंटिंग द महसीर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९४६ मध्ये, म्हैसूर भागात व्हॅन इंगेन कुटुंबातील एका शिकाऱ्याने १२० पौंड (सुमारे ५४ किलो) वजनाचा महसीर पकडला. गळावर पकडलेल्या महसीरचा हा विक्रम मानला जातो.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज अधिकारी गेले आणि हे पाणी विस्मृतीत गेले. कावेरीतील महाकाय महसीर संपले असा समज पसरला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तीन इंग्रज तरुणांच्या चमूने तेथे पुन्हा मोठे मासे पकडून तो खोटा ठरवला. कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स या कंपनीने पुढे भीमेश्वरी, गलिबोरे व दोड्डमाकळी येथे नदीकाठी मुक्काम उभारले.

मुक्कामातील दिनक्रम

या मुक्कामांचा हंगाम पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर, मुख्यतः हिवाळ्याच्या उत्तरार्धात व उन्हाळ्याच्या प्रारंभी असे. पाहुणे तंबूत वा साध्या कुटीत राहत. पहाटे आणि संध्याकाळी, बांबूच्या गोल टोपलीसारख्या होडीतून किंवा खडकांवरून, प्रत्येकासोबत एक स्थानिक वाटाड्या असे. कोणत्या खडकाआड मासा दबा धरतो आणि दोर कपारीत अडकला तर होडी कोठून न्यावी, हे ज्ञान त्याचे. पाहुण्याच्या हाती फक्त दांडी. वाटाड्यांपैकी अनेकजण पूर्वी याच पाण्यात चोरून मासे मारणारे होते. मासा जिवंत राहिला तरच रोजगार टिकतो, हे कळल्यावर तेच त्याचे राखणदार बनले. पाहुण्यांच्या शुल्कातून सुरुंगवाल्यांवर पहाराही ठेवला जाई.

आमिष म्हणून शिजवलेल्या नाचणीच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा गळावर थापण्याची रीत कावेरीवर सर्वाधिक यशस्वी ठरली. मासा दमून काठाशी आला की त्याला ओल्या हातांनी धरून पाण्यातच ठेवत, वजन व छायाचित्र घेत आणि तो स्वतःच्या बळावर निघेपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून आधार देत.

माशीने मासेमारी

या छंदाचा अधिक नाजूक प्रकार म्हणजे फ्लाय फिशिंग. यात आमिष खरे नसते. पिसे, केस व रंगीत धागा गळावर गुंडाळून किड्याची किंवा लहान माशाची नक्कल केलेली असते, तिलाच ‘माशी’ म्हणतात. ही माशी इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही. म्हणून दोरच जाड व वजनदार असतो. दांडी मागेपुढे झुलवून तो हवेत उलगडला की त्याच्या टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. मूळची ही कला युरोपातील थंड पाण्याच्या ट्राउट माशासाठी घडली. काश्मीरमध्ये १९०० मध्ये स्कॉटलंडहून आणलेली ट्राउटची अंडी यशस्वीरीत्या उबवण्यात आली, आणि तेथे तिला घर मिळाले. महाराष्ट्रातील नद्या ट्राउटसाठी फार उष्ण आहेत. महसीर मात्र माशीला तोंड देतो. गढूळ कावेरीपेक्षा हिमालयाच्या पायथ्याच्या स्वच्छ, उथळ नद्यांत ही पद्धत अधिक चालते.

लोणावळ्याची बोटुकली

१९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याजवळ टाटा वीज कंपनीच्या जलाशयातील डेक्कन महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. पुढे तेथील मत्स्यबीज केंद्रात एस. एन. ओगले यांच्यासह हे काम वाढले. तयार झालेली बोटुकली देशातील अनेक राज्यांत पाठवण्यात आली. घटत्या माशाला वाचवण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता आणि बराच काळ तो आदर्शही मानला गेला.

बोटुकली कावेरीतही सोडण्यात आली. परंतु विक्रमी वजनांसाठी प्रसिद्ध असलेला कावेरीचा मासा टॉर खुद्री नव्हताच. पाठीवर उंचवटा आणि नारिंगी पर असलेला तो महसीर निराळ्या जातीचा होता. शास्त्राने त्याला नीट ओळखण्याआधीच त्याच्या डोहात नातलग येऊन बसला. ही गोष्ट उघड झाली ती शौकिनांनीच लिहिलेल्या वह्यांमुळे. गलिबोरे मुक्कामात १९९८ ते २०१२ या काळात पकडलेल्या सहा हजारांहून अधिक महसीरांच्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. माशांची संख्या वाढत गेलेली दिसत होती, सरासरी वजन मात्र उतरत होते. वाढ होती ती बाहेरून आलेल्या निळ्या परांच्या महसीरची, आणि मूळचा वशिंडवाला महसीर झपाट्याने कमी होत होता. २०१८ मध्ये त्याची ओळख टॉर रेमादेवी या जातीशी पटली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली.

कायदा आणि वाद

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार प्राण्याला पकडणे हीदेखील शिकारच ठरते. कावेरी अभयारण्यातील मुक्कामांना हाच अर्थ लावण्यात आला आणि तेथील गळमासेमारी २०१२ च्या सुमारास थांबली. मुक्काम निसर्ग पर्यटनासाठी चालू राहिले. पिंडर व राघवन यांनी २०१३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या बंदीवर आक्षेप घेतला. सोडून दिलेल्या माशापेक्षा पहारा उठल्यावर सुरुंगाने मरणारे मासे अधिक, असा त्यांचा युक्तिवाद आहे. गळाने माशाला होणारी इजा आणि ताण यांकडे बोट दाखवणारा विरोधी पक्षही दुबळा नाही.

विदर्भात हाच कायदा हौसेपेक्षा पोटाच्या प्रश्नाला भिडला. पेंच नदीवरील तोतलाडोह जलाशयामुळे विस्थापित झालेल्या गावकऱ्यांना मध्य प्रदेश शासनाने दिलेल्या ३०५ मासेमारी परवान्यांविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. क्षेत्र राष्ट्रीय उद्यानाचे होते. ५ मार्च १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द न करता छायाचित्र असलेले ओळखपत्र, ठरलेला मार्ग, बेटांवर उतरण्यास व चूल पेटवण्यास मनाई अशा अटी घातल्या.

वर्धा जिल्ह्यात बोर धरणाचा जलाशय अशाच जंगलाने वेढलेला आहे. बोर अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले आणि २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथे येणारा पर्यटक वाघ पाहण्यासाठी येतो, गळ घेऊन नव्हे. संरक्षित क्षेत्राबाहेर, वर्धा नदीवर आणि तिच्या खोऱ्यातील तलावांत, मासेमारी ही भोई व ढीवर समाजांची उपजीविका आहे. तलावांचे ठेके सहकारी संस्था घेतात आणि त्यांत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाते.