‘योग्य अधिकारी’च गुन्हेगार असेल तर? टस्कगीचा धडा

1972 म्हटले की आपल्याला दलित पँथर आठवते. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी एक सरकारी पाप उघड केले. अलाबामातल्या मेकन परगण्यात 1932 पासून सुमारे 600 गरीब काळ्या पुरुषांवर सरकारी आरोग्य खात्याचा ‘अभ्यास’ चालू होता. त्यांतल्या 399 जणांना सिफिलिस होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही; ‘रक्त खराब आहे’ एवढेच सांगितले. 1947 पर्यंत पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाला होता, तरी तो त्यांना दिला नाही. उपचाराविना रोग माणसाला कसा खातो, हे डॉक्टरांना पाहायचे होते.

या माणसांना गाडीतून तपासणीला नेणारी, मेल्यावर अंत्यविधीच्या खर्चाच्या बदल्यात शवविच्छेदनाची संमती घरच्यांकडून मिळवणारी नर्स काळीच होती: युनिस रिव्हर्स. लोकांचा तिच्यावर विश्वास होता. तोच विश्वास खात्याने वापरला. 1958 मध्ये सरकारने तिचा पुरस्कार देऊन गौरव केला. नंतरही तिने या अभ्यासाचे समर्थनच केले.

तिला गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण बाबासाहेबांनी शिकवलेली श्रेणीबद्ध विषमता इथे लावून पाहा. गोऱ्यांपुढे काळी, पुरुषांपुढे बाई, डॉक्टरांपुढे नर्स. तीन उतरंडींच्या तळाशी उभ्या असलेल्या बाईने कोणाकडे तक्रार करायची?

व्यवसायाचे नियम काय सांगत होते? आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या 1953 च्या आचारसंहितेत डॉक्टरांचे आदेश निष्ठेने पाळा आणि अनैतिक कामात भाग घेऊ नका, या दोन्ही गोष्टी एकत्रच होत्या. सहकाऱ्याचे गैरवर्तन उघड करा, पण फक्त योग्य अधिकाऱ्याकडे, असेही त्यात होते. टस्कगीत हा योग्य अधिकारीच गुन्हेगार होता!

पीटर बक्स्टन या खात्यातल्याच गोऱ्या कर्मचाऱ्याने 1966 आणि 1968 मध्ये वरिष्ठांना लिहून कळवले. 1969 मध्ये तज्ज्ञांची बैठक बसली आणि अभ्यास चालू ठेवायचे ठरले. शेवटी त्याने कागद पत्रकाराच्या हाती दिले, तेव्हा काही महिन्यांत प्रयोग थांबला. 1973 मध्ये परिषदेने संहिता बदलली: नर्सची पहिली जबाबदारी रुग्णांप्रती. 1997 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. तोवर बहुतेक जण मातीत गेले होते.

यातून आपण काय घ्यायचे? आपली माणसे खुर्चीपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवली, ही बाबासाहेबांची आग्र्यातली खंत आपण दरवर्षी आठवतो. पण बोलणाऱ्याच्या पाठीशी समाज उभा राहतो का, हेही स्वतःला विचारले पाहिजे. भारतात जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये संमत झाला, पण तो लागू करणारी अधिसूचना वर्षानुवर्षे निघाली नाही.

आज आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुली जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग करून वॉर्डात उभ्या आहेत. उद्या त्यांतली एखादी चुकीच्या आदेशावर बोट ठेवेल. तिला धाडसाचे उपदेश नकोत. तिने लेखी तक्रार करावी, पोच घ्यावी, प्रत जपावी, आणि तिच्यावर बदली किंवा निलंबन आले तर संघटना, वकील आणि आपण सगळे तिच्या दारात असावे. एकटीने दिलेला लढा चिरडता येतो. संघटित लढा नाही.

जय भीम!