देवघेवीचा कक्ष आणि समकालीन कादंबरी : मावळातील वाचकाच्या निमित्ताने

१

मराठी कादंबरीचा इतिहास आपण लेखकांचा, प्रवाहांचा आणि फार तर नियतकालिकांचा इतिहास म्हणून लिहीत आलो आहोत. कादंबरी वाचकापर्यंत कोणत्या वाटेने पोचली, ती त्याच्या हाती कोणी दिली आणि देताना काय सांगितले, हे प्रश्न या इतिहासात सहसा विचारले जात नाहीत. वास्तविक लहान गावांतील कादंबरीचा वाचक हा बहुतांशी पुस्तक विकत घेणारा नसून वाचनालयाची वर्गणी भरणारा वाचक असतो. देवघेवीच्या कक्षापाशी उभा राहून तो ‘नवीन काही चांगलं आलंय का?’ असे विचारतो आणि त्याला मिळणाऱ्या उत्तरावर त्याचे पुढील काही दिवसांचे वाचन ठरते. समीक्षेच्या परिभाषेत या उत्तराला स्थान नाही. आस्वाद, विश्लेषण आणि मूल्यमापन या तिन्ही संज्ञांची चर्चा आपण विपुल केली. ‘शिफारस’ ही मात्र वृत्तपत्री परीक्षणाकडे आणि ग्रंथपालाकडे सोपवून आपण मोकळे झालो.

शिफारस ही समीक्षेच्या खालच्या पायरीवरची क्रिया नव्हे. समकालीन कादंबरीच्या बाबतीत तर ती समीक्षेची पहिली जबाबदारी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याचे उदाहरण घेतले आहे. मावळ हा मराठी कादंबरीचा विषय पूर्वीच झालेला आहे. मावळातील वाचक मात्र समकालीन कादंबरीविषयीच्या आपल्या चर्चेत कोठेच दिसत नाही. हे अंतर कसे पडले, हे पाहण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागते.

२

महाराष्ट्रात वाचनालय ही संस्था मराठी कादंबरीपेक्षा वयाने मोठी आहे. रत्नागिरीचे नेटिव्ह जनरल लायब्ररी १८२८ सालचे, पुण्याचे १८४८ सालचे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली, हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्ञानप्रसारासाठी स्थापन झालेल्या संस्थेत कादंबरी मागाहून आली आणि तिच्याविषयीचा संशयही तिच्याबरोबरच आला. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक’ या विषयावरील १८७२ सालचा निबंध आणि वि. का. राजवाडे यांचा १९०२ सालचा ‘कादंबरी’ हा निबंध यांच्या भूमिका भिन्न आहेत. परंतु वाचकाने काय वाचावे हा प्रश्न दोघांनाही परका वाटत नाही. त्या काळी समीक्षा आणि शिफारस यांची फारकत झालेली नव्हती. हरिभाऊ आपट्यांनी तर १८९० साली ‘करमणूक’ सुरू करून कादंबरीकार, संपादक आणि शिफारस करणारा या तीनही भूमिका एकाच व्यक्तीत आणल्या.

ही फारकत विसाव्या शतकाच्या मध्यास स्पष्ट झाली. फडके-खांडेकरांच्या काळातील कलावाद-जीवनवाद कितीही ढोबळ असला, तरी वाचनालयातील वाचक त्यात पक्षकार होता. नवसाहित्याबरोबर समीक्षेचे लक्ष कलाकृतीच्या संघटनेकडे वळले. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराने मराठी समीक्षेला जी शिस्त लावली तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्या शिस्तीची एक किंमत होती. ‘ही कादंबरी कशी आहे?’ या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्म होत गेले आणि ‘ही कादंबरी कोणासाठी आहे?’ हा प्रश्न अशिष्ट ठरला.

या संदर्भात १९६७ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी जर्मनीत कॉन्स्टान्झ येथे हान्स रॉबर्ट याउस यांनी वाङ्मयेतिहासाच्या केंद्रस्थानी वाचकाला आणणारे व्याख्यान दिले आणि ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली. त्याच वर्षी महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम झाला. आणि त्याच वर्षी, पुढे वाचनालयांत पुन्हा पुन्हा बांधणी करून घ्यावी लागलेली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली. या तीन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु वाचकाविषयीचा सिद्धान्त, वाचकासाठीची शासकीय व्यवस्था आणि वाचकाने स्वतः उचलून धरलेली कादंबरी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी उपलब्ध असताना आपण त्यांची सांगड घातली नाही, ही आपल्या वाङ्मयीन संस्कृतीवरची टीकाच होय. याउस यांची संकल्पना विद्यापीठांच्या वर्गांत शिकवली गेली. ती तालुक्याच्या वाचनालयात जाऊन तपासावी असे आम्हा प्राध्यापकांना वाटले नाही.

अधिनियमाने व त्यानुसार झालेल्या १९७० च्या अनुदानविषयक नियमांनी मान्यताप्राप्त वाचनालयांचे मोठे जाळे उभे राहिले. ही सामान्य कामगिरी नव्हे. पण अ, ब, क, ड हे वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके, कामाचे तास अशा मोजता येणाऱ्या गोष्टी पाहिल्या जातात. कोणते पुस्तक कोणाच्या हाती गेले, हे मोजण्याची सोय त्या चौकटीत नाही. शासनमान्य ग्रंथांची यादी निघते. तिच्यात शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि किंमत असते. यादी ही मान्यता असते, शिफारस नसते. मान्यता पुस्तकाला कपाटापर्यंत नेते. कपाटापासून वाचकापर्यंतचे अंतर तोडण्यासाठी कोणीतरी दोन वाक्ये बोलावी लागतात. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ आणि ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ ही दोन सूत्रे नेमकी या अंतराविषयीची आहेत.

हे अंतर भरून काढण्याचे प्रयत्न समीक्षेबाहेर झाले. १९६४ साली सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकाने ग्रंथव्यवहार हाच विषय मानला. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ‘ग्रंथाली’ने स्वतःला प्रकाशनसंस्था न म्हणवता वाचक चळवळ म्हणवले आणि १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध करून, वाचकाचे क्षितिज विस्तारता येते हे दाखवून दिले. पण अशा प्रयत्नांचे बळ मोठ्या शहरांतील कार्यकर्त्या वाचकांवर उभे होते. बोरघाटाच्या माथ्यावरील किंवा त्याच्या पलीकडील वाचनालयात ते कितपत पोचले, हा वेगळा प्रश्न आहे.

३

मावळ तालुक्याची वाचनसंस्कृती रेल्वेने आखून दिली आहे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि पुढे १८६३ साली बोरघाटाचा चढ पार होऊन मुंबईशी सलग जोड मिळाली. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव ही गावे या मार्गावर वाढली. शाळा, बाजारपेठा आणि वाचनालये प्रामुख्याने येथेच आली. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही खोरी मात्र मार्गाच्या दोहों बाजूंस राहिली. तेथील माणूस बाजार, कचेरी किंवा महाविद्यालय यांच्या निमित्ताने मार्गावर येतो. वाचनालयाशी त्याचा संबंध आला तर तोही असाच, येता-जाता.

या प्रदेशाला मराठी कादंबरीत आणले ते तळेगाव दाभाडे येथे स्थायिक झालेल्या गो. नी. दांडेकरांनी. १९५५ च्या ‘पवनाकाठचा धोंडी’त तुंग किल्ल्याच्या परिसरातील जीवन आहे. १९५८ च्या ‘माचीवरला बुधा’त मुंबईचे आयुष्य मागे टाकून राजमाचीवर परतणारा बुधा आहे. समीक्षेने या कादंबऱ्यांना ‘प्रादेशिक’ या कप्प्यात ठेवून त्यांच्या निसर्गवर्णनाची प्रशंसा केली आणि प्रसंगी त्यांच्या भाबडेपणावर बोट ठेवले. पण मावळातील वाचकासाठी त्यांचे स्थान निराळे आहे. वाचनालयातील इतर कादंबऱ्यांत जे स्थळ दूरचे असते, ते येथे कपाटामागच्या खिडकीतून दिसणारे असते. पुढे दांडेकरांच्या कुटुंबीयांनी, विशेषतः डॉ. वीणा देव यांनी, त्यांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाची जी परंपरा निर्माण केली, ती शिफारशीचीच एक समर्थ पद्धती होती. कादंबरी चांगली आहे असे श्रोत्याला सांगण्याऐवजी ती त्याला ऐकवली जात होती.

परंतु ज्या मावळाची ही शिफारस होती, तो मावळ त्यानंतर फार काळ टिकला नाही. ‘पवनाकाठचा धोंडी’ प्रसिद्ध झाल्यानंतर दोन दशकांच्या आत पवना धरण झाले आणि तुंगच्या पायथ्याचे खोरे जलाशयाखाली गेले. लोणावळ्याच्या परिसरात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचे तलाव त्याआधी अर्धशतक झालेले होते, आणि शेजारच्या मुळशीत १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला होता. पुढे द्रुतगती मार्ग आला, जमिनींचे व्यवहार झाले, शेताच्या जागी बंगले आणि वसाहती उभ्या राहिल्या. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मृत्युमुखी पडले. हा सगळा इतिहास आजच्या मावळी वाचकाच्या घरातला आहे. त्याच्या आजोबांच्या पिढीला दांडेकरांच्या कादंबरीत आपले खोरे दिसले. नातवाच्या पिढीला तीच कादंबरी आता हरवलेल्या मुलखाची स्मरणवही म्हणून वाचावी लागते. देवघेवीच्या कक्षात ‘आपल्याकडची’ म्हणून अद्याप प्रामुख्याने तिचेच नाव घेतले जाणार असेल, तर त्या वाचकाला मिळते ती त्याच्या भूतकाळाची शिफारस. त्याच्या वर्तमानाची शिफारस त्याला कोणी केलेली नसते.

४

येथे समकालीन कादंबरीचा प्रश्न येतो. विस्थापनाचा अनुभव मराठी कादंबरीने टाळला आहे असे मुळीच नाही. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची कादंबरी आहे. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ही धरणाने उठवलेल्या माणसांची, आणि त्यांच्याबरोबर जनावरांचीही कादंबरी आहे. या कादंबऱ्यांचा भूप्रदेश मावळ नव्हे. परंतु पवन मावळातील वाचकाला त्या परक्या वाटण्याचे कारण नाही. स्त्रियांसाठी राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या वाचक स्त्रीला कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) द्यावी, कारण आदिवासी भागातील स्त्री-सरपंचांचे अनुभव हा तिचा गाभा आहे. बाजारपेठेतील लहान व्यावसायिकाला देविदास सौदागर यांची ‘उसवण’ द्यावी; तयार कपड्यांच्या काळात शिंप्याच्या धंद्याचे काय होते, हे तीत आहे आणि २०२४ साली तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला आहे. जमीन विकलेल्या शेतकऱ्याची कथा २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे ठेवली. तो चित्रपट पाहिलेला तरुण वाचनालयात आला, तर त्याच्या हाती सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) ठेवता येईल.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. अशी शिफारस कादंबरीला तिच्या विषयापुरती संकुचित करते. धरणग्रस्ताला धरणाची आणि शिंप्याला शिंप्याची कादंबरी देणे म्हणजे साहित्याचा दस्तऐवज करणे होय. शिवाय वाचक कित्येकदा स्वतःच्या जगण्यापासून दूर जाण्यासाठीच वाचतो. हा आक्षेप मान्य करूनही असे म्हणावे लागते की, विषय हे शिफारशीचे प्रवेशद्वार आहे, तिचा शेवट नव्हे. ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘रिंगाण’ एकामागोमाग वाचणाऱ्याला दोन्हींतील फरक केवळ आशयाचा नाही, हे जाणवल्यावाचून राहणार नाही. पहिलीत माणूस आणि मुलूख यांचे नाते गृहीत आहे. निवेदनाचा सूर त्या खात्रीवर उभा आहे. दुसरीत तेच नाते तुटलेले आहे, म्हणून निवेदनालाही ती खात्री उरलेली नाही. रूपाविषयीची ही जाणीव वाचकाला परिभाषेवाचून होऊ शकते, मात्र दोन पुस्तके शेजारी ठेवणारे कोणीतरी हवे. याउस ज्याला क्षितिजाचा पालट म्हणतात, तो एका पुस्तकाने क्वचितच होतो. बहुधा पुस्तकांच्या क्रमाने होतो. हा क्रम लावणे हे समीक्षेचे काम आहे.

विषयाच्या दाराने आत येऊ न शकणाऱ्या कादंबऱ्याही आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. श्याम मनोहरांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’ (२००६) कोणाला द्यावी, हे वाचकाच्या व्यवसायावरून किंवा गावावरून ठरवता येणार नाही. अशा कादंबरीसाठी अभिवाचनाची जुनी वाट अधिक उपयोगी पडेल. त्यांच्या वाक्यांतील विनोद ऐकताना चटकन पोचतो. उलट मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ (२००४) सारख्या कादंबरीला समीक्षेची वाट पाहावी लागली नाही, वाचकांनीच ती एकमेकांना सांगितली. समीक्षेने या तोंडी शिफारशीकडे लोकप्रियतेचे लक्षण म्हणून पाहिले. तिच्यामागील निवडीचा अभ्यास केला नाही.

वाचनालयाच्या ग्रंथपालावर या सगळ्याचा भार टाकणे अन्यायाचे होईल. तुटपुंज्या आणि अनियमित मानधनावर काम करणाऱ्या त्या व्यक्तीने समकालीन कादंबरीचे सर्वेक्षण करावे, ही अपेक्षा ज्यांना त्या कामाचे वेतन मिळते त्यांनी, म्हणजे आम्ही, करणे योग्य नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातील मराठी विभागाने वर्षातून दोनदा, परिसरातील वाचकाला समोर ठेवून, पंधरा-वीस नव्या कादंबऱ्यांची सटीप निवड करावी. प्रत्येकीविषयी चार ओळी असाव्यात : ही कशाविषयी आहे, हिची भाषा कशी आहे, हिच्याआधी काय वाचलेले असावे आणि कोणत्या वाचकाने ही हाती घेऊ नये. शेवटची ओळ लिहिणे सर्वांत कठीण आहे, कारण तेथे समीक्षकाला वाचक ठाऊक असावा लागतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी एखाद्या वाचनालयाच्या देवघेवीच्या नोंदी अभ्यासाव्यात. अभिग्रहणाचा सिद्धान्त तेथे तपासला जाईल.

यात केवळ वाचनालयांचे हित नाही. गेली अनेक वर्षे आपण समकालीन मराठी कादंबरीला वाचक नाही अशी तक्रार करीत आहोत. मावळातील वाचनालयाच्या कपाटात ‘झाडाझडती’ असेल आणि चार मैलांवर पवनेचा जलाशयही आहे. या दोहोंमधून जाणाऱ्या माणसाला ते पुस्तक आपल्यापैकी कोणी सांगितले होते का, हे तपासल्यावाचून ती तक्रार करण्याचा अधिकार समीक्षेला पोचत नाही.